तीन पानं जास्त

मोशीतल्या या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर काळी रबरी चटई अंथरली आहे आणि तिच्यावर पत्ते मांडले आहेत. एकाखाली एक, नावाची पट्टी तेवढी दिसेल असे सरकवलेले. खुर्च्या चार आहेत, पण टेबलाभोवतीची तिघंही उभी आहेत. बसलोय तो मी एकटा, फ्रीजला टेकून, स्टुलावर.

"त्रेसष्ट," आकुर्डीहून आलेली मुलगी म्हणते.

"परत मोज."

"दोनदा मोजले, दादा. त्रेसष्टच."

हवेत ६०. पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धेत डेक बरोबर ६० पानांचा लागतो. ६१ चालत नाही, ५९ही चालत नाही. एका नावाची जास्तीत जास्त ४ पानं, साध्या एनर्जीला, म्हणजे हल्ल्याला लागणाऱ्या इंधनाच्या पानांना, तेवढी सूट. बाकी साठात काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ते ठरवता ठरवता बारा वाजून गेलेत आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आहे.

आज गुरुवार. पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी वार ठरले, ते तसेच राहिले. दाढदुखी दाखवणं, गाडी सर्व्हिसिंगला टाकणं, क्रिकेटची मॅच, या पट्ट्यात सगळं गुरुवारवर ढकललेलं असतं. स्पर्धा मात्र पुण्यात आहे, आणि रविवारी. टेबलाच्या उजव्या अंगाला उभ्या असलेल्या मामांनी त्यासाठी जोडीदाराशी शिफ्ट बदलून घेतली आहे आणि बदल्यात दोन नाइट कबूल केल्यात. मामा म्हणजे वयानं पस्तिशीचेच, मूळचे लातूरकडचे, भोसरीत एका वर्कशॉपच्या मेंटेनन्सला. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आणि डेक ज्याचा आहे तो या घरचा मुलगा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत. त्याला इथे सगळे दादा म्हणतात, मामासुद्धा.

काकू, म्हणजे दादाची आई, हात पुसत दारात येतात. "अरे, वाटणार कधी? मघापासून नुसते मांडताय."

काकूंचा हिशेब मेंढीकोटचा आहे. ५२ पानांचा कॅट सगळ्यांचा सामाईक. पिसायचा, कापायचा, वाटायचा, आणि हाताला येईल त्यावर खेळायचं. बदाम सात घ्या, झब्बू घ्या, सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गंजिफेची पानं गोल, १० अवतारांची प्रत्येकी १२, मिळून १२०. पण संच एकच आणि तो सगळ्यांत वाटायचा. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. हे खूळ रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाचं. संयोजनाच्या गणितात डॉक्टरेट केलेल्या या माणसाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' १९९३ मध्ये बाजारात आला, आणि तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९९६ मध्ये, जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले. या खेळांत निम्मी बाजी समोरचा माणूस समोर येण्याआधीच खेळून झालेली असते. ती निम्मी बाजी मी आत्ता बघतोय.

दादा काकूंना सांगतो, "रविवारी वाटणार. आज फक्त काय ठेवायचं ते ठरवतोय."

"मग ठेवा की सगळंच. एवढीशी तर पानं."

मामा हसतात. "काकू, हेच सांगायलोय मी. पण हा ऐकत न्हाई."

ऐकण्यासारखं नाहीच ते. सगळं ठेवायची इच्छा हाच डेक बांधणाऱ्याचा पहिला आजार. प्रत्येक पान कुठल्या ना कुठल्या प्रसंगी उपयोगी पडणार असतं, म्हणून तर ते टेबलापर्यंत आलेलं असतं. 'हे कधीतरी लागेल' असं वाटलं की ते आत जातं, आणि सहा-सात असली 'कधीतरी' जमली की दर बाजीत पहिल्या हातात त्यांतलं एखादं येऊन बसतं. नको त्या वेळी.

डेक चारिझार्डचा आहे. हा नारिंगी, पंखवाला ड्रॅगन ज्यांनी शाळेतून घरी येऊन कार्टून नेटवर्क लावलं त्यांना सांगायला नको. पत्त्यांत तो तिसऱ्या पायरीवर येतो : आधी छोटा चारमँडर बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, ठेवायचा, मग चारमेलिऑन, मग चारिझार्ड. 'रेअर कँडी' नावाचं पान असलं की मधली पायरी गाळता येते. चारिझार्ड खाली उतरला की डेकमधून तीन फायर एनर्जी शोधून घेतो आणि त्याच वेळी हल्ल्याला तयार होतो. हल्ला १८० चा, आणि समोरच्यानं जितकी प्राइझ पानं उचलली असतील त्या प्रत्येकाला आणखी ३०. प्राइझ पानं दोघांचीही सहा-सहा, सुरुवातीलाच डेकमधून पालथी काढून ठेवलेली. समोरचा पोकेमॉन पाडला की एक उचलायचं, मोठा असला तर दोन. सहा संपवली तो जिंकला. म्हणजे चारिझार्डचा मालक जितका मार खातो तितका चारिझार्ड जोरात मारतो.

जोडीला पिजॉट. त्याचं काम एकच : दर पाळीला डेकमधून हवं ते एक पान शोधून हातात घ्यायचं. कुठलंही. यातलं खरं इंजिन तोच. चारिझार्ड पोस्टरवर असतो, पिजॉट बेंचवर बसून काम करतो. कारखान्यातही हे असंच असतं म्हणे, पण ते दादा म्हणतो, मी नाही.

"एनर्जी सात आहेत," मुलगी बोट ठेवते. "एक काढ."

"सहाच उरतील."

"एक चारिझार्ड तीन ओढतो. दोनदा उतरला की सहा. सातवं हातात येऊन काय करणार?"

"एखादं प्राइझमध्ये अडकलं तर?"

"तर दुसऱ्या वेळी दोन ओढेल. हल्ल्याला दोनच लागतात."

यावर दादाकडे उत्तर नाही. सातवी एनर्जी चटईच्या बाहेर, पाण्याच्या बाटलीजवळ जाते. ६२.

पुढची जोडी अवघड आहे. रेलर आणि त्याच्यापासून होणारा रॅब्स्का. शेणकिड्यासारखा दिसणारा हा प्राणी बेंचवर असला की समोरच्याच्या हल्ल्याचा बेंचवरच्या कुणालाही त्रास होत नाही. हे पान इथे आलं ते भीतीपोटी. भीतीचं नाव ड्रॅगापल्ट. ड्रॅगापल्ट समोर २०० मारतो आणि वर सहा डॅमेज काउंटर, म्हणजे ६०, आपल्या बेंचवर हवे तसे वाटतो. आपल्या बेंचवर काय बसलेलं असतं? पिजी, डस्कल, चारमँडर, सगळी बाळं. पन्नास, साठ, सत्तर प्राणांची. एकाच हल्ल्यात समोरचं मोठं झाड आणि मागचं रोप, दोन्ही साफ. रविवारी चार जण तरी ड्रॅगापल्ट आणणार, असा मामांचा अंदाज आहे, आणि गेल्या काही महिन्यांत ते त्याच दुकानात सारखे जात असल्यामुळे तो ऐकण्याजोगा आहे.

"म्हणून तर ठेवलाय," दादा म्हणतो.

"पण बसवणार कधी?" मुलगी विचारते. "पहिल्या पाळीला रेलर, दुसऱ्या पाळीला रॅब्स्का. दुसऱ्या पाळीला तुला पिजॉट हवा, चारिझार्ड हवा. त्यात हा. आणि बेंचवर जागा पाचच."

दादा गप्प राहतो. मग स्वतःच बोलतो, जरा नाराजीनं, जसं स्वतःच्याच डिपार्टमेंटविरुद्ध सही करावी लागावी तसं. "ही इन्स्पेक्शनची पानं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे यांनी माल बनत नाही. फक्त खराब माल पुढे जाऊ नये म्हणून उभी केलेली माणसं. लाईन नीट चालली तर यांची गरज नाही, आणि लाईन बंद असेल तर यांचा उपयोग नाही."

इथल्या पोरांना हा विचार शिकवावा लागत नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही शॉपच्या भिंतीवर जपानी शब्द मराठी पाट्यांशेजारी लटकलेले असतात : कायझेन, पोका-योके. डाय बदलायला लागणारा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायची शिगेओ शिंगोंची पद्धत इथे आयटीआयच्या पोराला तोंडपाठ असते. पत्ते जपानचेच, पण दादाला डेक बांधायला जपाननं पाठवलेली दुसरीच वस्तू उपयोगी पडतेय, याची मला गंमत वाटते. तो पत्त्यांना 'सेटअप टाइम' विचारतो. हे पान हातात आल्यापासून कामाला लागेपर्यंत किती पाळ्या? दोनपेक्षा जास्त असतील तर त्याचा चेहरा उतरतो.

रेलर आणि रॅब्स्का बाटलीजवळ जातात. ६०.

"झालं!" मामा टाळी वाजवतात. काकू आतून विचारतात, "उचलू का चटई?"

"थांबा काकू," मुलगी म्हणते. तिनं साठही पानं गोळा करून पिसायला घेतली आहेत. पिसणं बघण्यासारखं आहे. स्लीव्हमध्ये घातलेली पानं साध्या पत्त्यांसारखी फर्रकन वाकवून पिसत नाहीत; दोन गठ्ठे करून एकमेकांत कडेनं रुतवायचे, परत करायचे, परत. कडा घासल्या तर पान खुणेचं होतं, आणि खुणेचं पान स्पर्धेत सापडलं की फसवणुकीचा संशय. तेलकट हात लावायला इथे सक्त मनाई आहे. मघाशी शेंगदाणे खाऊन मामांना दोनदा बेसिनवर पाठवलं गेलंय.

ती वरची सात पानं उघडते. बघते. जॉब कार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर एक रेघ मारते. पानं परत घालते, पिसते, परत सात. समोर कुणी नाही, बाजी नाही, नुसते पहिले हात बघायचे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण डेक चांगला की वाईट हे त्याच्या सर्वांत भारी पानावरून कळत नाही. सुरुवातीच्या सात पानांत तो जिवंत असतो का, यावरून कळतं. सातांत एकही बेसिक पोकेमॉन नसला, म्हणजे पुढे उभं करायला पहिल्या पायरीचं काहीच नसलं, तर हात दाखवून परत पिसावं लागतं आणि समोरचा हवं तर एक पान जादा ओढतो. एकच बेसिक आला, तर त्याहून वाईट : तो पहिल्याच फटक्यात पडला आणि बेंच रिकामी असली की बाजी तिथेच खतम. सहा प्राइझ वगैरे काही नाही.

वीस हात होतात. रेघांच्या शेजारी तिनं सात फुल्या मारल्या आहेत.

"वीसात सात वेळा बेसिकच नाही."

"योगायोग," मामा म्हणतात. "पिसलंस नीट न्हाईस."

"योगायोग नाही, हिशेबानं तेवढंच येतं." ती मोबाइलवर आकडे मांडते. रेलर काढल्यावर डेकमध्ये बेसिक उरले आठ : तीन चारमँडर, दोन पिजी, दोन डस्कल आणि एक फेझँडिपिटी. साठांत आठ असले तर सात पानांच्या हातात एकही न येण्याची शक्यता ३४.६ टक्के. नऊ असले तर ३०. बारा असले तर १९. "रेलर होता तेव्हा निदान नऊ होते. आपण भीतीचं पान काढलं आणि बेसिकही कमी केला."

मला हा क्षण फार आवडतो, कारण तिघांचेही चेहरे पडले आहेत. तासाभरापूर्वी ज्याला बिनकामाचा म्हणून हाकललं तो शेणकिडा नुसता पहिल्या पायरीचा प्राणी म्हणून तरी कामाचा होता. कारखान्यात इन्स्पेक्टर काढला आणि मग कळलं की सकाळी गेटची चावी त्याच्याकडेच असायची, तसं काहीसं.

"बारा कर की मग," मामा म्हणतात.

"बारा केले तर बाकीचं कुठं बसवू? कँडी चार, पॉफिन चार, अल्ट्रा बॉल..." दादा मोजत जातो. बडी-बडी पॉफिन म्हणजे डेकमधून ७० किंवा कमी प्राणांचे दोन बेसिक थेट बेंचवर. अल्ट्रा बॉल म्हणजे हातातली दोन पानं टाकून कुठलाही एक पोकेमॉन. मग माणसं : पूर्ण हात टाकून सात नवी पानं देणारा प्रोफेसर, दोघांचेही हात डेकखाली सारून उरलेल्या प्राइझइतकीच पानं देणारी आयोनो, समोरच्याच्या बेंचवरून हवा तो खेचून पुढे आणणारा बॉस. एका पाळीला असं एकच माणूस खेळता येतं, आणि पहिली पाळी ज्याची त्याला तेही नाही, हल्लाही नाही. त्यामुळे प्रत्येक माणसाची संख्या तोलून ठेवलेली आहे. आयोनोला हात लावला की मामा ओरडतात, बॉसला लावला की मुलगी.

"चौथा चारमँडर घाल," ती शेवटी म्हणते. "नऊ होतील. चारमँडर पॉफिननंही येतो, म्हणजे कुठूनही उपयोगी."

"मग एकसष्ट."

"हो. एक काढ."

सगळ्यांना माहीत आहे कुठलं. कुणी बोलत नाही. टेबलाच्या मधोमध तीन चारिझार्ड आहेत. तिसरा चकचकीत, पूर्ण चित्राचा, कोन बदलला की पंखांवरून रंग सरकणारा. दादानं तो पहिल्या पगारवाढीतून घेतलाय, हे मला मघाशी मामांनी हळूच सांगितलं होतं. लहानपणी त्याच्याकडे चारिझार्ड होता तो चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोवरचा, आणि नंतर जत्रेतला, पातळ पुठ्ठ्यावर छापलेला, स्पेलिंग चुकलेला. खरं पान मधून कापलं तर आत गडद थर दिसतो, नकली नुसतं पांढरं. हे त्याला आठवीत कळलं, आणि त्या दिवशी त्यानं अख्खा डबा वर्गमित्राला देऊन टाकला.

"एक प्राइझमध्ये गेला तर?" दादा अजून लढवतोय.

"एकच ठेवला असता तर बरोबर होतं. एकटं पान प्राइझमध्ये असण्याची शक्यता दहात एक. पण दोन ठेवलेस तर दोन्ही अडकायची शक्यता शंभरात एकही नाही. हजारात आठ-नऊ."

"आणि पडला तर?"

"नाइट स्ट्रेचर आहे ना, परत हातात घे. तिसरा चारिझार्ड तू कधी खाली उतरवलायस? शेवटचा कधी?"

दादा आठवून बघतो. बराच वेळ बघतो.

"मागच्या वेळी आलता की पहिल्याच हातात," मामा म्हणतात. "दोन चारिझार्ड, अन् चारमँडर एकबी न्हाई. दोन हत्ती दारात अन् माहुताचा पत्ता न्हाई."

दादा हसतो आणि स्वतःच्या हातानं चकचकीत पान उचलतो. पण मग त्याला सुचतं. साधा एक काढतो आणि चकचकीत त्या जागी ठेवतो. नावं तीच, काम तेच. फक्त दिमाख राहिला. यावर मुलीचा काही आक्षेप नाही. माझाही नाही. हिशेबानं मन मारावं, पण जिथे हिशेबाला फरक पडत नाही तिथे मनाची हौस करायला काय हरकत आहे?

आता चाचणीची बाजी. मामा ड्रॅगापल्ट खेळणार. त्यांच्याकडे ड्रॅगापल्ट नाही. जुन्या पानांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून स्लीव्हमध्ये सरकवल्यात, निळ्या बॉलपेननं 'ड्रॅगा', 'ड्राकलोक' लिहिलेल्या. स्पर्धेत असली चिठ्ठी चालत नाही, सरावाला चालते. महागडं पान घ्यायच्या आधी ते आपल्याला परवडेल का यापेक्षा पेलेल का, हे बघायला याहून चांगला उपाय नाही.

मामा पहिले खेळतात, ड्रीपी दोन, आणि थांबतात. दादाच्या हातात पॉफिन आहे; एक चारमँडर, एक डस्कल खाली येतात. तिसऱ्या पाळीला मामांचा ड्रॅगापल्ट उभा, ३२० प्राणांचा. अजून त्यानं काही पाडलेलं नाही. दादाचा चारिझार्ड तयार आहे, पण मामांनी एकही प्राइझ उचललेलं नसल्यामुळे हल्ला फक्त १८०. पुरत नाही.

"मार," मामा म्हणतात. "मग मी मारतो."

दादा मारत नाही. कँडी टाकतो. डस्कलवर थेट डस्कन्वार ठेवतो, आणि डस्कन्वार स्वतःला संपवतो. हीच त्याची करामत : स्वतः पडायचं आणि समोरच्यावर १३ डॅमेज काउंटर, म्हणजे १३०, ठेवायचे. डस्कन्वार पडला म्हणून मामांना एक प्राइझ उचलावं लागतं. ते उचलतात, आणि उचलता उचलता त्यांना कळतं.

"थांब थांब."

"एकशे तीस झाले. तुम्ही एक प्राइझ घेतलंत, म्हणून माझे एकशेऐंशी आणि तीस, दोनशेदहा. तीनशे चाळीस."

ड्रॅगापल्ट ३२०. मामा 'ड्रॅगा' चिठ्ठी लावलेलं पान उचलून टाकलेल्या गठ्ठ्यावर आपटतात आणि लातूरकडचा एक शब्द वापरतात. काकू आतून खोकतात. दादा दोन प्राइझ उचलतो. एक देऊन दोन घेतली.

माझ्या मते डेकमधलं खरं देखणं काम हे आहे. दोन वेगळी पानं एकमेकांसाठी काम करतात. डस्कन्वारच्या मरण्यातला तोटासुद्धा चारिझार्डच्या खात्यात नफा म्हणून जमा होतो. स्पर्धा जिंकलेल्या डेकची यादी उतरवून काढायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही, हाही डेक बराचसा तसाच आलेला आहे. पण यादीत कुठलं पान कशाच्या आधारानं उभं आहे हे उतरवून मिळत नाही. ते असं पिसून, पाडून, शिव्या खाऊनच कळतं.

मुलीचा स्वतःचा डेक वेगळ्या जातीचा. समोरच्याला मारायचंच नाही. अडवायचं, दमवायचं, त्याची पानं संपू द्यायची. पाळी सुरू होताना ज्याला ओढायला पान उरत नाही तो हरतो. मामांनी त्या डेकचं नाव 'संग्रामदुर्ग' ठेवलंय. चाकणच्या भुईकोटावरून. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाइस्तेखानाला तिथे ५६ दिवस अडवलं होतं.

"पण तुझं काय होतं सांगू का," मामा तिला म्हणतात. हरल्याचा राग कुठेतरी काढायचाच आहे. "फिरंगोजीला छप्पन दिवस होते. तुला पन्नास मिनिटं हायत."

ती हसते, पण दुखतं तिला. तीनपैकी दोन बाज्या, वेळ ५० मिनिटं. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. दमवून जिंकणारा डेक वेळेत दमवू शकला नाही तर बरोबरीत अडकतो, आणि बरोबऱ्यांनी वर जाता येत नाही. तिला वेगानं खेळायला शिकावं लागतंय. डेक संथ आणि हात चपळ, ही अवघड जोडी आहे.

"किल्ला पण शेवटी पडलाच होता," दादा म्हणतो.

"पण नाव कोणाचं राहिलं?" ती म्हणते, आणि यावर दोघांकडेही उत्तर नाही.

बाहेर पाऊस वाढलाय. खाली पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकचे हॉर्न सुरू झालेत, म्हणजे कुठेतरी पाणी साचलं. काकूंनी आता ताटं टेबलाच्या कडेला आणून ठेवली आहेत. हा शेवटचा इशारा. दादा यादी लिहायला घेतो. स्पर्धेत डेकची यादी आधी द्यावी लागते : पानाचं नाव, संच, क्रमांक, किती. यादीत एक आणि डेकमध्ये दुसरं निघालं तर शिक्षा. तो सुवाच्य लिहितो, मंजुरीसाठीचे पीपीएपीचे कागद भरायची सवय असलेल्या माणसासारखं.

"चारमँडर, चार," तो लिहितो आणि थांबतो. "चौथा कुठाय?"

चटईवर तीन आहेत. चौथ्याच्या जागी मामांची चिठ्ठी, 'चार्मू'.

डबा उघडला जातो. एक चारमँडर मिळतो, मुलगी लगेच डाव्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर बघते. "एफ." एफ अक्षराची पानं एप्रिल २०२५ मध्ये स्टँडर्ड प्रकारातून बाद झाली. तोच मजकूर नव्या पानावर परत छापला असता तर जुनंही चाललं असतं; पण याच्यावरचा हल्ला वेगळा आहे. दुसरा मिळतो, तो सोनेरी प्लॅस्टिकचा, कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेला. तिसरा नाही. घरात चारिझार्ड तीन, त्यांतला एक बाटलीजवळ रिकामा बसलाय. आणि हा चारमँडर म्हणजे पाकीट फोडलं की सर्वांत आधी निघतो, कुणी उचलूनही घेत नाही, असला.

"कॉमन पान," मामा कपाळावर हात मारतात. "तेच नसतंय बघ कधी. एम सिक्सचा बोल्ट स्टोअरला कधी मिळतो का?"

दादा फोन लावतो. एक जण उचलत नाही. दुसरा निगडीचा, त्याचा डबा गावी. तिसरा राजगुरूनगरचा, चाकणलाच एका कंपनीत, या आठवड्यात तिसरी पाळी, झोपेतून उठलेला आवाज. स्पीकरवर.

"चारमँडर? आहे ना. कुठला पायजे?"

"जी किंवा वरचा. एक."

"जी आहे. दोन आहेत."

"एकच दे. उद्या सकाळी तू सुटशील तेव्हा मी आत जाणार. आंबेठाण चौकात बस?"

"साडेसातला आमची बस तिथंच अडकती रोज. खिडकीतून देतो. स्लीव्ह घालू का?"

"घालून आण. पाऊस आहे."

"बरं. पण मला एक पायजे होतं रे."

दादाची नजर बाटलीजवळच्या साध्या चारिझार्डवर जाते. मुलगीही तिकडेच बघते. "काय?"

"रॅब्स्का आहे का? रविवारी ड्रॅगापल्टवाले लई येणारेत."

टेबलाशी तिघं एकमेकांकडे बघतात. मामा तोंडावर हात ठेवतात.

"तू पण येतोयस?" दादा विचारतो.

"रजा टाकलीय की. आहे का?"

"आहे," दादा म्हणतो. "घेऊन येतो."

काकू चटईची एक कड उचलतात. मुलगी बाटलीजवळचं पान सरकवून दादाच्या हातात देते आणि त्याच्यामागून दुसरं.

"रेलर पण दे. नुसत्या रॅब्स्काचं तो काय करणार?"